कागदाची वाट पाहू नका
(वस्तीतील सायंवर्गाच्या सभेत केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे एक साधा प्रश्न ठेवणार आहोत.

सकाळी उठलो. अंग मोडून आले आहे. घसा दुखतो आहे. नाक वाहते आहे. कपाळाला हात लावला तर कपाळ कढत. आता पहिले काम कोणते करायचे?

कोणी म्हणेल, "तापाची गोळी घ्यायची आणि कामावर जायचं." कोणी म्हणेल, "आधी तपासणी करायची. रिपोर्ट काय येतो ते बघायचं आणि मग ठरवायचं." कोणी म्हणेल, "घरी पडून राहायचं."

तीन माणसे, तीन उत्तरे. आम्हाला विचाराल तर तिसऱ्याचे उत्तर बरोबर. पण चार वर्षांपूर्वी आम्ही स्वतः दुसऱ्याचे उत्तर देत होतो. ते का सोडले, हे सांगायलाच आज उभे आहोत. यात आमची चूक आहे. ती आधी सांगतो.

आमची चूक

२०२२ च्या श्रावणातली गोष्ट. करोनाची मोठी लाट ओसरली होती, पण करोना गेला नव्हता. आम्ही वर्गाच्या दाराशी एक पाटी लावली होती. आमच्याच विद्यार्थिनींनी ती खडूने लिहिली होती. "ताप-खोकला असेल त्यांनी तपासणी करून यावे." पाटी वाचता आली म्हणून सगळ्यांना आनंद झाला होता.

वर्गात एक ताई येत. चार घरची धुणीभांडी करीत. एका संध्याकाळी त्या आल्या त्या खोकतच. डोळे लाल. आम्ही विचारले, "ताई, बरं नाही का?"

त्या म्हणाल्या, "काल ताप होता, बाई. पण मालकिणीनं ती नाकात घालायची पट्टी आणून दिली. निगेटिव्ह आली. हा बघा फोटो." त्यांनी मोबाइल पुढे केला. पट्टीवर एकच रेघ होती. नियम आमचाच आणि तो त्यांनी पाळला होता. आम्ही म्हणालो, "मग बसा."

त्या बसल्या एका आजींच्या शेजारी. आजींचे वय सत्तरीच्या पुढे. त्यांना नुकतेच स्वतःचे नाव लिहिता येऊ लागले होते. रोज त्या पाटीवर नाव लिहीत, पुसत आणि पुन्हा लिहीत. ताईंनी त्यांचा हात धरून जोडाक्षर गिरवून दिले.

पुढच्या चार-पाच दिवसांत वर्गातली पाच माणसे आजारी पडली. त्यांत आजीही होत्या. बाकीचे घरीच बरे झाले. आजींना धाप लागली. त्यांना इस्पितळात न्यावे लागले. तेथे तपासणी झाली, तेव्हा कळले की हा करोना नव्हेच. हा इन्फ्लुएंझा, म्हणजे फ्लू. लोक ज्याला स्वाईन फ्लू म्हणतात तो. त्या पावसाळ्यात महाराष्ट्रात त्याचेही पुष्कळ रुग्ण होते.

आजींना तो ताईंकडूनच लागला असे कोण छातीवर हात ठेवून सांगेल? बाजारातही लागू शकतो, नळावरही लागू शकतो. पण आजारी माणसाला आम्ही आजींच्या शेजारी बसू दिले, ही गोष्ट खरी. का बसू दिले? तर हातात एक कागद होता म्हणून. पट्टीने ताईंना एवढेच सांगितले होते, "तुमच्या नाकात करोना सापडला नाही." आम्ही त्याचा अर्थ लावला, "ताई आजारी नाहीत." समोर खोकणारे माणूस दिसत होते. तरी आम्ही डोळ्यांवर विश्वास न ठेवता कागदावर ठेवला.

तपासणी काय सांगते?

मंडळी, आपण वाचायला शिकतो ते कशासाठी? कागदावर काय लिहिले आहे ते कळावे म्हणून. पण कागदावर काय लिहिलेले नाही तेही कळले पाहिजे. तरच वाचणे पुरे झाले. म्हणून ही तपासणी कशी होते ते जरा पाहू.

सर्दी-खोकल्याचे हे आजार विषाणूंमुळे होतात. विषाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अतिसूक्ष्म रोगकण. तो नाकातोंडातून आत जातो आणि तेथे वाढतो. खोकताना, शिंकताना, मोठ्याने बोलताना बारीक थेंबांबरोबर बाहेर पडतो. करोनाचा विषाणू निराळा, फ्लूचा निराळा, साध्या सर्दीचे आणखी निराळे. पण बाहेर पडण्याची वाट सगळ्यांची एकच.

तपासणी मुख्यतः दोन प्रकारची. एक प्रयोगशाळेतली. तिला आर.टी.पी.सी.आर. म्हणतात. नाकातून किंवा घशातून कापसाच्या काडीने नमुना घेतात. यंत्र त्या नमुन्यातल्या विषाणूच्या खुणेच्या नकला काढते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. असे तीस वेळा दुप्पट केले की एकाच्या शंभर कोटींहून जास्त होतात. घरी पाटीवर करून पाहा. त्यामुळे विषाणू अगदी थोडे असले तरी यंत्राला सापडतात. पण याला वेळ लागतो. एप्रिल २०२१ मध्ये मोठ्या शहरांत दोन-दोन, तीन-तीन दिवस रिपोर्ट येत नव्हते.

दुसरी घरची पट्टी. आपल्याकडे घरी वापरायच्या पट्टीला मे २०२१ मध्ये परवानगी मिळाली. ती पुण्यातच तयार झाली होती आणि तिची किंमत अडीचशे रुपये होती. पट्टी पंधरा मिनिटांत उत्तर देते. पण ती दुप्पट-चौपट काही करीत नाही. नमुन्यात आहे तेवढ्यावरच सांगते. आजाराच्या पहिल्या दिवशी विषाणू कमी असले किंवा काडी नीट फिरली नाही, तर दुसरी रेघ उमटत नाही. माणूस आजारी असतो आणि पट्टी म्हणते, नाही.

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. भाताला ती लागू पडते, कारण सगळा भात एकाच चुलीवर शिजतो. पण तांदळातल्या खड्यांचे तसे नाही. पोत्यातून एक मूठ तांदूळ काढला. त्यात खडा नव्हता. म्हणून पोत्यात खडा नाही असे म्हणता येईल का? एखादी बाई न निवडता तांदूळ चुलीवर ठेवील का? पट्टीची रेघ ही त्या मुठीसारखी आहे. खडा सापडला तर तो आहे हे नक्की समजा. सापडला नाही, तर नाहीच असे समजू नका.

हे आम्ही आमच्या पदरचे सांगत नाही. सरकारचीच सूचना होती की ताप-खोकला असलेल्या माणसाची झटपट तपासणी निगेटिव्ह आली, तर त्याची प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करावी. तोवर त्याला संशयितच समजावे.

आणखी एक गोष्ट. करोनाची पट्टी एकच प्रश्न विचारते, "करोना आहे का?" फ्लू आहे का, हे ती विचारतच नाही. ताईंच्या बाबतीत हेच झाले असावे.

आता उलट बाजूही पाहा. काही माणसे बरी होतात, हिंडूफिरू लागतात, तरी प्रयोगशाळेतला रिपोर्ट पुष्कळ दिवस पॉझिटिव्हच येत राहतो. यंत्राला विषाणूचे मेलेले तुकडेही सापडतात. म्हणून ८ मे २०२० रोजी सरकारने नियम बदलला. सौम्य आजाराच्या रुग्णाला सोडताना पुन्हा तपासणीची गरज नाही, असे ठरले. आजार सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले, तीन दिवस ताप नाही, तर सोडावे. म्हणजे तेथेही शेवटी कागद बाजूला ठेवला आणि दिवस मोजले.

आजार केव्हा पसरतो?

आता मुख्य मुद्दा नीट ऐका. फ्लू झालेला माणूस आजार जाणवण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून दुसऱ्याला तो देऊ लागतो. पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. पण सर्वांत जास्त देतो ते पहिल्या तीन दिवसांत. करोनातही आजार सुरू होण्याच्या सुमाराचे दिवसच जास्त जोखमीचे.

मग बघा. सोमवारी ताप आला. मंगळवारी तपासणीला गेलो. तेथे रांगेत उभे राहिलो. बुधवारी रिपोर्टची वाट पाहत कामावर गेलो. गुरुवारी रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. मग घरी बसलो. जे दिवस घरी बसायचे होते ते रांगेत आणि कामावर गेले. घोडे पळाल्यावर तबेल्याला कडी घातली.

म्हणून आम्ही म्हणतो, ताप आला त्याच क्षणी घरी राहा. आजाराचे नाव मागाहून कळले तरी चालेल. कळले नाही तरी पुष्कळदा चालेल.

पुण्यात काय घडले?

हा अनुभव महाराष्ट्राने पूर्वी घेतला आहे. २००९ साली स्वाईन फ्लूची साथ जगभर पसरली. आपल्या देशातला त्या साथीचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. चौदा वर्षांची शाळकरी मुलगी गेली. शहर घाबरून गेले. शाळा आणि सिनेमागृहे काही दिवस बंद झाली. आणि सरकारी व पालिकेच्या दवाखान्यांपुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. रांगेत कोण? खरा आजारी, साध्या सर्दीचा आणि नुसता घाबरलेला, असे तिघेही. तासन् तास एकमेकांना चिकटून उभे. ज्याला नव्हता त्याला तेथेच लागायची सोय झाली.

मग केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने एक शहाणपणाची वाटणी केली. रुग्णांचे तीन गट पाडले. ते तीन गट आजही लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला गट. थोडा ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी. यांची तपासणी नको. यांनी घरी राहावे, लोकांत मिसळू नये. घरातल्या नाजूक माणसांपासून दूर राहावे. एक-दोन दिवसांत डॉक्टरांनी पुन्हा पाहावे.

दुसरा गट. ताप मोठा आणि घसा फार दुखतो. किंवा ताप थोडा, पण माणूस नाजूक. म्हणजे गरोदर बाई, पासष्टीच्या पुढचे माणूस, मधुमेह, दमा, हृदय, मूत्रपिंड यांचे दुखणे असलेले. यांनाही तपासणी नको. यांनी घरी राहावे आणि डॉक्टरांनी लगेच औषध सुरू करावे. रिपोर्टसाठी औषध थांबवू नये.

तिसरा गट. धाप लागते, छातीत दुखते, फार ग्लानी येते, थुंकीतून रक्त पडते, नखे निळी पडतात. किंवा मूल दूध घेत नाही, त्याला झटके येतात. यांना ताबडतोब इस्पितळात न्यावे. तपासणी यांची करावी.

म्हणजे काय झाले? घरी राहायला सगळ्यांना सांगितले. तपासणी मात्र ज्यांची खरी गरज होती त्यांची केली.

अमेरिका श्रीमंत देश. तेथे घराघरांत पट्ट्या होत्या. तरी मार्च २०२४ मध्ये तेथील सरकारी आरोग्य संस्थेने लोकांना हीच वाट दाखवली. करोना असो, फ्लू असो, सामान्य माणसासाठी नियम एकच केला. आजारी आहात? घरी राहा. तापाची गोळी न घेता पुरा एक दिवस ताप आला नाही आणि बाकीचा त्रासही उतरू लागला, की बाहेर पडा. मात्र पुढचे पाच दिवस मास्क लावा, गर्दी टाळा, इतरांपासून थोडे अंतर ठेवा. हा नियम पाळायला कोणताही कागद लागत नाही.

आपले आजे-पणजे काय करीत?

१९१८ साली इन्फ्लुएंझाची भयंकर साथ आली. महाराष्ट्रात लोक तिला मानमोडी म्हणत. मुंबईत ती जूनमध्ये दिसली आणि पावसाळ्यानंतर तिने कहर केला. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसे गेली. त्या वेळी तपासणी कोठली? माणसाच्या फ्लूचा विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती लागला तोच १९३३ साली. रोगाचे मूळ ठाऊक नाही, औषध नाही. हातात एकच उपाय होता. आजारी माणसाने निराळे राहणे.

त्याच्या आधी प्लेगच्या साथीत गावेच्या गावे रानात झोपड्या घालून राहिली. आणि घरोघरची चाल तर तुम्हाला ठाऊकच असेल. घरात देवी किंवा गोवर आला की दाराला कडुनिंबाचा डहाळा लावीत. पाहुणा आला, डहाळा पाहिला, की उंबऱ्यावरूनच मागे फिरे. त्या पानांनी रोग बरा होत नसे, हे खरे. देवीचा रोग गेला तो लसीने. पण डहाळ्याने एक गोष्ट होत असे. या घरात आजारी आहे, हे न बोलता सगळ्यांना कळे. कोणी म्हणत नसे, "आधी दाखला दाखवा, मग मी मागे फिरेन."

आम्हाला तो डहाळा फार शहाणा वाटतो.

मग तपासणी वाया आहे काय?

नाही हो! तसा अर्थ कोणी घेऊ नये. तपासणी हे मोठे साधन आहे. ते योग्य जागी वापरायचे.

नाजूक माणसाला ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. फ्लूवरचे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर जास्त गुण देते. तपासणी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. करा म्हणाले तर जरूर करा. नेताना मास्क लावा. आधी फोन करून विचारता आले तर उत्तम.

घरात नाजूक माणूस आहे आणि पट्टी परवडते, तर लावून पाहा. पॉझिटिव्ह आली तर सावध व्हाल. पण निगेटिव्ह आली म्हणून बाहेर पडू नका.

धाप, छातीत दुखणे, ग्लानी, निळी नखे. यांतले काहीही दिसले तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

आणि एक जागा अशी आहे की तेथे तपासणीला पर्यायच नाही. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर तो क्षय असू शकतो. तेथे घरी बसून चालणार नाही. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते. ती केलीच पाहिजे. ताप चार दिवसांचा असेल तर घर आधी. खोकला दोन आठवड्यांचा असेल तर तपासणी आधी. एवढे पाटीवर लिहून ठेवा.

दहा बाय दहाच्या खोलीत कसे राहायचे?

आता तुम्ही म्हणाल, "बाई, घरी राहा म्हणणं सोपं आहे. आमचं घर म्हणजे एक खोली. त्यात सहा माणसं. वेगळं राहायचं कुठं?"

प्रश्न खरा आहे. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी करोनाचा पहिला रुग्ण सापडला. तेव्हा पालिकेलाही हेच दिसले की तेथल्या घरांत वेगळे राहणे शक्य नाही. म्हणून शाळा आणि सभागृहे यांत सोय करावी लागली. साध्या सर्दी-तापाला अशी सोय कोणी करून देणार नाही. पण जमेल तेवढे करता येते. आणि जमेल तेवढे केले तरी फरक पडतो.

आजारी माणसाची पथारी खिडकीशी किंवा दाराशी घाला. खिडकी उघडी ठेवा. कोंडलेल्या हवेत विषाणू साचतो, खेळत्या हवेत पातळ होतो. म्हातारे माणूस आणि तान्हे मूल यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला निजवा. पाऊस नसेल तर आजारी माणसाने दिवसा ओट्यावर बसावे. मास्क लावावा. मास्क नसेल तर स्वच्छ फडके नाकातोंडाला बांधावे. काहीच नसण्यापेक्षा तेही बरे. शक्य तर स्वयंपाक दुसऱ्याने करावा. पेला आणि ताट निराळे ठेवा. हात साबणाने धुवा. सार्वजनिक संडासला गर्दीची वेळ टाळून जा आणि तेथेही मास्क लावा.

अंगावर पिणारे मूल असेल तर आईने दूध तोडू नये. हात धुऊन, नाकतोंड झाकून पाजावे.

भरपूर पाणी, पेज, विश्रांती. तापाची गोळी डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. एक ध्यानात ठेवा. गोळीने ताप उतरतो, आजार जात नाही. गोळी घेऊन कामावर गेलेला माणूस बरा दिसतो, पण आजार वाटतच हिंडतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. दुकानातून मनानेच आणून घेऊ नका.

पोटाचे काय?

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. ज्या ताईंची हकीगत आम्ही सांगितली, त्यांना आम्ही पुढे विचारले, "ताई, ताप असताना कामावर का गेलात?"

त्या म्हणाल्या, "बाई, पट्टी आणून दिली ती कशाला? निगेटिव्ह आली तर ये, म्हणून. एक खाडा झाला की पगार कापतात. चार खाडे झाले की दुसरी बाई बघतात. मी निजून राहिले तर चूल कोण पेटवणार?"

आम्ही गप्प बसलो. ताईंचे काय चुकले? त्यांना घरी राहायचे होते. पण घरी राहायला पैसे पडतात. कागद मागणे फुकट असते. मालक कागद मागतो, शाळा कागद मागते. आम्हीही कागदच मागितला. कागद मागितला की आपली जबाबदारी संपली असे वाटते. ती संपत नाही.

ज्यांचे विम्याचे कार्ड आहे त्यांनी आपला हक्क ओळखावा. राज्य कामगार विमा योजनेत आजारपणाच्या रजेचे पैसे मिळतात. पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत आणि वर्षातून ९१ दिवसांपर्यंत. त्याला विम्याच्या डॉक्टरांचा दाखला लागतो. हा कागद मात्र जरूर घ्या आणि नीट वाचून घ्या.

पण धुणीभांडी करणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांकडे असे कार्ड कोठून असणार? त्यांचे काय? त्यांच्यासाठी सरकारने काही करावे, हे आपण मागत राहूच. तोवर हातावर हात ठेवून बसायचे का?

आमच्या वर्गाने काय केले ते सांगतो. फार मोठे काही नाही. वर्गात एक डबा ठेवला. दर आठवड्याला प्रत्येकाने पाच रुपये टाकायचे. कोणी तापाने घरी राहिले तर त्यातून तीन दिवसांचे धान्य आणि दूध त्या घरी पोचवायचे. रिपोर्ट विचारायचा नाही. दुसरे, पाळी लावली. आजारी घराचे पाणी शेजारणीने भरायचे, मुलांना शाळेत शेजाऱ्याने सोडायचे. तिसरे, मालकिणींना एक चिठ्ठी लिहिली. वर्गातल्या बायकांनी स्वतःच्या हाताने लिहिली. "आम्हाला ताप आला की आम्ही तीन-चार दिवस येणार नाही. आलो तर तुमच्या घरातल्या आजी-आजोबांना आजार लागेल. कृपा करून पगार कापू नये." सगळ्यांनी ऐकले का? नाही. पण काहींनी ऐकले. एका घरच्या आजोबांनी तर सांगून पाठवले, "बाईंना म्हणावं, बरं वाटल्यावरच या. पगार पुरा मिळेल."

आणि दारावरची पाटी आम्ही पुसली. नवी लिहिली. "ताप-खोकला आहे? आज घरी राहा. धडा आम्ही पोचवू."

शेवटचे

तुम्हाला आजींची चौकशी असेल. आजी वाचल्या. बारा दिवसांनी घरी आल्या. पण छातीत पहिला दम राहिला नाही. वर्गाचा जिना त्यांना चढवत नाही. म्हणून आता शनिवारी वर्गच त्यांच्या ओट्यावर भरतो.

घरी आल्यावर पहिल्या शनिवारी त्यांनी पाटी मागितली. हात थरथरत होता. नाव लिहिता लिहिता जोडाक्षरापाशी अडल्या. ताई समोर उभ्या होत्या. पुढे यायला धजत नव्हत्या. आजी म्हणाल्या, "ये गं पोरी. आता बरी आहेस ना? मग ये, हात धर."

बरी आहेस ना, एवढेच आजींनी विचारले. रिपोर्ट विचारला नाही.

मंडळी, आपणही एकमेकांना हेच विचारू या. बरे असाल तर या. बरे नसाल तर घरी राहा. तुमचे पाणी आम्ही भरू.



वाचून झाल्यावर बोला

१. पट्टी निगेटिव्ह आली तरी ताप असलेल्या माणसाने घरी का राहावे? तांदळातल्या खड्याचा दाखला घेऊन सांगा.
२. २००९ साली रुग्णांचे कोणते तीन गट पाडले? तपासणी कोणत्या गटाची करायची होती?
३. कोणत्या खोकल्यात तपासणी केलीच पाहिजे?
४. तुमच्या खोलीत आजारी माणसाची पथारी कोठे घालाल? म्हाताऱ्या माणसाची कोठे घालाल?
५. तुमच्या गल्लीत कोणी तापाने घरी राहिले, तर त्याचे पाणी कोण भरील? आजच ठरवा आणि नावे पाटीवर लिहा.